भाकरीआधीची प्रार्थना

निघायच्या दिवशी सकाळी बाबांना एकाएकी कौलांची आठवण झाली. पाऊस सरून महिने झाले होते, पुढचा पाऊस अजून लांब होता, तरी अंगणात उभे राहून ते छपराकडे पाहत म्हणाले, “कोपऱ्यातली कौलं सरकल्यासारखी दिसतात. आज ती बसवून घेतो. जायचं काय, पुढच्या आठवड्यातही जाता येईल.”

आईने पिशवी त्यांच्या हातात दिली. “कौलांचं मी बघते. तुम्ही बहिणीचं बघा.”

असा आमचा प्रवास सुरू झाला. आम्ही भिंगारला राहतो. बाबा लष्कराच्या एका मेसमध्ये आचारी आहेत. मी नगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे घरच्यांना वाटते की मला सगळे जमते. बाबांना त्यांच्या बहिणीकडे घेऊन जाणे हे कामही म्हणूनच माझ्याकडे आले. मला ते जमेल असे मला स्वतःला मुळीच वाटत नव्हते.

वाचणाऱ्यांना आधी थोडे सांगायला हवे. मागच्या उन्हाळ्यात, दुष्काळ अगदी टोकाला गेला होता तेव्हा, माझे आजोबा वारले. सगळे त्यांना आबा म्हणत. ते तिसगावच्या पलीकडे आमच्या मूळ गावीच राहत. त्या भागातल्या पुष्कळ गावांना मिळून एकच पाळकसाहेब (आम्हा ख्रिस्ती लोकांचे धर्मगुरू) होते आणि ते सायकलवर फिरत. त्याच दिवशी पुढच्या गावीही एक दफनविधी होता. माझी आत्या, सोनाआत्या, दुष्काळी कामावर, आबांच्या गावापासून लांब, खडी फोडायला गेलेली. तिला निरोप धाडला होता. बाबा सारखे रस्त्याकडे पाहत होते. शेवटी विधी झाला, माती दिली गेली. आत्या पोचली तेव्हा माणसे फावडी झटकत होती. आमच्यात कबरेत प्रत्येकाने मूठभर माती टाकायची असते. ताज्या मातीच्या ढिगाकडे आत्या बराच वेळ पाहत राहिली आणि घोटभर पाणीही न पिता आल्या वाटेने परत गेली.

त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. नाताळला ती कधी चुकत नसे, यंदा चुकली. बाबांनी येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर निरोप पाठवले, त्यांचे उत्तर आले नाही. दरम्यान मी एक गोष्ट पाहत होते. उपासनेत आम्ही बायका डाव्या बाजूला बसतो, तिथून पुरुषांचे बाक दिसतात. प्रभुभोजनाच्या भाकरीचे ताट बाबांपाशी आले की ते काही न घेता शेजाऱ्याकडे सरकवत. ज्याचे आपल्याविरुद्ध काही आहे त्याच्याशी आधी समेट करावा आणि मग वेदीपाशी यावे, असे आम्हाला लहानपणापासून शिकवले आहे. बाबांनी ते मनाला लावून घेतले होते, पण समेट करायला काही ते निघत नव्हते. म्हणून नाताळच्या सुट्टीत मीच विषय काढला आणि आईने तो धरून ठेवला.

नगरच्या स्टँडवर पाथर्डीच्या गाडीला ही गर्दी होती. “बसायला जागा मिळणार नाही,” बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला जरा आनंदी वाटला. पण जागा मिळाली. फेटा बांधलेले एक म्हातारे शेतकरी सरकून बसले आणि त्यांनी आम्हा दोघांना त्याच बाकावर घेतले.

“कुठं निघालं पाव्हणं?”

“बहिणीकडं,” बाबा म्हणाले.

“मग तोंड असं का? बहिणीकडं जाताना मानूस हासतं. मी सुनंच्या माहेरी चाललोय, तरी हासतोय बघा.”

बाबा ओशाळून हसले. म्हातारबाबांचे तेवढ्याने समाधान झाले आणि ते खिडकीबाहेर बोट दाखवून मला पिके सांगू लागले. चांदबीबीचा महाल मागे पडला तशी दोन्ही बाजूंना ज्वारी दिसू लागली. गेल्या वर्षी याच वाटेने आम्ही आबांच्या मातीला गेलो होतो तेव्हा इथे नुसती ढेकळे होती आणि झाडांना पान नव्हते. आता कणसे हाताएवढी झाली होती, माचाणावर बसून बायका गोफण फिरवत होत्या आणि शेताच्या बांधावर हुरड्याच्या आगट्या (कणसे भाजायचे खड्डे) धूर सोडत होत्या. “देवानं दिलं औंदा,” म्हातारबाबा म्हणाले. मीही मनात तेच म्हटले.

करंजी घाटाच्या तोंडाशी गाडीचे चाक बसले. सगळे खाली उतरलो. ड्रायव्हर जॅक शोधत होता आणि कंडक्टर त्याला तो कुठे आहे हे सांगत होता, पण तिथे तो नव्हता. तेवढ्यात समोरून नगरकडे जाणारी गाडी आली आणि मदतीसाठी थांबली. बाबा त्या गाडीकडे पाहत राहिले. तिच्यात जागा रिकाम्या होत्या.

“मार्था,” ते हळूच म्हणाले, “हा काही चांगला योग दिसत नाही. ही गाडी तासाभरात घरी पोचवील.”

मी आमची पिशवी खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. पिशवीत भिंगारच्या बेकरीतली नानकटाई होती याचे मला नंतर भान आले. म्हातारबाबांनी सगळे ऐकले असावे. “पोरगी बसली,” ते बाबांना म्हणाले, “आता तुमीबी बसा.” नगरची गाडी निघून गेली.

तिसगावला चहा घेतला. आत्याचे गाव बाभुळवाडी तिथून दोन-अडीच कोस आत आहे. पूर्वी तिकडे नुसती गाडीवाट होती. आता तिथे रुंद रस्ता दिसला, म्हणून बाबांनी एका बैलगाडीवाल्याला विचारले, “बाभुळवाडीला हाच रस्ता का?”

गाडीवाले उस्मानभाई पेंडीची पोती घेऊन त्याच बाजूला निघाले होते. त्यांनी आम्हाला पोत्यांवर बसवून घेतले. “कुणाकडं जायचं?”

“सोनाबाईकडं. माझी बहीण.”

“बहिणीकडं जायला वाट इचारावी लागली, म्हंजे लई दिसांनी चाललाय,” उस्मानभाई म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, पण बाबांना ती टोचली. मग उस्मानभाईच म्हणाले, “ह्यो रस्ता दुष्काळात झाला. आसपासच्या समद्या वाड्यांच्या बायका हितं खडी फोडत हुत्या. तुमची बहीणबी आसंलच. सरकारी सुकडी खायची आन् दिसभर हातोडी मारायची.”

थोडे पुढे गेल्यावर बाबा गाडीतून उतरले. “पाय आखडले,” म्हणाले. पाय आखडले नव्हते हे मला कळत होते. उरलेला सगळा रस्ता ते गाडीच्या मागून, खडीकडे पाहत चालत आले.

बाभुळवाडीत आमच्या समाजाची पाच-सात घरे गावाच्या कडेला आहेत. आत्याचे घर धाब्याचे (मातीच्या सपाट छपराचे) आहे. ती ओट्यावर सूप घेऊन बसली होती. बाबा अंगणाच्या कडेला थांबले आणि म्हणाले, “सलाम, आक्का.”

आमची माणसे भेटल्यावर एकमेकांना सलाम म्हणतात. रस्त्यात ओझरती भेट झाली तरी सलामाला सलाम मिळतोच. आत्याचे सूप थांबले नाही. तिने माझ्याकडे पाहिले.

“मार्थे, उन्हाची आलीस? ये. पाय धू. किती वाळलीस गं, कॉलेजात खायला देत न्हाईत का?”

आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, आतून घाईघाईने बाहेर आले. “सलाम, सलाम, याकोबराव! बसा.” त्यांनी स्वतःच्या वाटचे आणि आत्याच्याही वाटचे सलाम करून टाकले. आम्ही घोंगडीवर बसलो. आत्या बाबांपासून चार हातांवर होती.

“मार्थे, तुझ्या बापाला इचार, च्या पितो का.”

मी बाबांकडे वळले. “बाबा, चहा घेणार का?”

“घेईन म्हणावं.”

“घेतील, आत्या.”

“गुळाचा चालंल का इचार. नगरची मानसं साखरवाली.”

“बाबा, गुळाचा...”

“गुळाचा मला आवडतो हे तिला ठाऊक आहे.”

“आत्या, गुळाचा त्यांना—”

“तुमी दारात पोष्टाचं हापिस काढलंय व्हय?” मामा म्हणाले. “पोरीला जरा दम खाऊ द्या की.”

मला हसू आले आणि रडूही येईल असे वाटले. हसू बाबांच्याही ओठापर्यंत आले होते. आत्या मात्र हसली नाही. चहा झाल्यावर बाबांनी घसा साफ केला. “मार्था, तुझ्या आत्याला सांग, त्या दिवशी पाळकसाहेबांना पुढच्या गावी दिवस मावळायच्या आत पोचायचं होतं. सायकलचा रस्ता. आणि ऊन इतकं की—”

आत्या सूप घेऊन उठली आणि आत गेली.

मी तिच्या मागे गेले. चुलीपाशी अंधार होता आणि डोळ्यांत धूर जात होता. आत्या बाजरीचे पीठ मळायला बसली. मी येताना गाडीत मनाशी पुष्कळ जुळवून ठेवले होते. चर्चच्या तरुण संघाच्या सभेत क्षमेवर मी एकदा बोलले होते, त्यातली वाक्ये मला पाठ होती. त्यातले एकही आठवेना. मी इतकेच म्हणाले, “आत्या, बाबा प्रभुभोजन घेत नाहीत. तेव्हापासून.”

तिचा हात परातीत थांबला. “कुनी सांगितलं त्याला घेऊ नको म्हनून?”

“कोणीच नाही.”

“मी घेते,” ती म्हणाली. “पर घेताना त्याचं तोंड दिसतं. घास खाली उतरत न्हाई.” तिने भाकरी थापायला घेतली. थापता थापता बोलू लागली, माझ्याकडे न पाहता. “तुला वाटत आसंल, आत्या मूठभर मातीसाठी रुसली. माती मी दुसऱ्या दिशीबी टाकली आसती. आबांनी मला गानं दिलं हुतं. त्यांनी सोता रचलेलं. सालगडी हुते ना ते, जल्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले. तसलंच गानं, गडी दिस मावळल्यावर धन्याच्या दारात येतो ते. मला म्हनले, सोना, माझ्या मातीवर हे तू म्हन. दुसऱ्या कुनाला येत न्हाई. मी वाटंनं ते घोकत पळत आले गं. आले तर फावडी झटकत हुते.”

तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

“पाळक निघालं हुतं म्हनतो तुझा बाप. निघू द्यायचं! प्रार्थना करून गेलं आसतं ते. मानसं बसली आसती घटकाभर, मी माती दिली आसती. बरं, झालं ते झालं. पर एकदा तरी म्हनला का, आक्का, माझं चुकलं? ज्या मानसाबरोबर निरोप धाडतो, त्याच्याबरोबर पाळकाची सायकल धाडतो.”

हे बाबांना कसे सांगावे, सांगावे की नाही, हे मला ठरवता येईना. आत्याने मला विश्वासाने सांगितले होते. बाहेर येऊन पाहते तर मामा आणि बाबा शेजारी बसून ज्वारीबद्दल बोलत होते आणि मामांनी ताटल्याही मांडल्या होत्या. सांगायला सवडच राहिली नाही.

जेवणाला बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेतातून आणलेला कोवळा हरभरा होता. आत्याने सगळे वाढले आणि पदर डोक्यावर ओढून बाजूला उभी राहिली. मामा म्हणाले, “याकोबराव, तुमी पाव्हणं. प्रार्थना करा.”

आमच्यात तशी रीत आहे. घरी पाहुणा असला की जेवणाआधीची प्रार्थना त्याने करायची, आणि आमेन म्हटल्याशिवाय कोणी घासाला हात लावायचा नाही. बाबांना नाही म्हणता आले नसते. त्यांनी डोळे मिटले. आम्हीही मिटले.

सुरुवात नेहमीसारखी झाली. पावसाबद्दल उपकार, पिकाबद्दल उपकार, हे घर आणि घरातले हात यांना आशीर्वाद. मग ते थांबले, आणि पुन्हा बोलू लागले तेव्हा आवाज वेगळा होता. “प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे. त्या दिवशी ऊन किती होतं. पाळकसाहेबांना पुढच्या गावी—”

“त्याला कशाला सांगतोस?” आत्या म्हणाली. “तो हुता तिथं. मी न्हवते.”

किती तरी महिन्यांनी ती बाबांशी बोलली होती. मी डोळे उघडले नाहीत, मला धीर झाला नाही. चुलीतले लाकूड तडतडले. बाहेर कोणाचा तरी बैल हंबरला. मला वाटले, आता बाबा उठतील आणि पिशवी उचलतील.

“आक्का,” बाबा म्हणाले. मग बहुधा त्यांना आठवले की आपण प्रार्थनेत आहोत. “प्रभू, मी थांबायला पाहिजे होतं. ती येणार हे मला माहीत होतं. पाळकसाहेब म्हणाले होते, याकोब, थोडं थांबायचं तर थांबू. मीच म्हटलं, उरकून घ्या. माझ्यानं आबांकडं बघवत नव्हतं. मला ते लवकर संपायला हवं होतं. माझं चुकलं. माझ्या बहिणीचं मी...”

पाळकसाहेब थांबायला तयार होते, हे आईला किंवा मला कधी ठाऊक नव्हते.

आमेन कोणीच म्हणेना. बाबांना म्हणता येत नव्हते आणि दुसऱ्याची प्रार्थना आपण कशी संपवणार? मामा एकदा खाकरले. आम्ही सगळे डोळे मिटून तसेच राहिलो. मग पंखांची फडफड ऐकू आली.

“आमेन म्हन की आता,” आत्या म्हणाली. “कोंबडी भाकरीत शिरली.”

“आमेन,” बाबा म्हणाले. आम्ही सगळे म्हणालो. मामांनी कोंबडी हाकलली, पण ती हरभरा घेऊनच गेली. आत्याने बाबांच्या ताटलीतली भाकरी काढून घेतली, तव्यावरची ताजी आणली आणि स्वतःच्या हाताने वाढली.

“लगीच समदं पुसलं आसं समजू नको,” ती त्यांना म्हणाली. “माझ्या मनात आजून हाय.”

“असू दे, आक्का.”

“थोडं थोडं जाईल.”

“जाऊ दे सावकाश.”

“ठेचा घे. आन् तू काय आनलंस मार्थे त्या पिशवीत?” मी नानकटाई काढली. तिचा भुगा झाला होता. आत्याने तो वाटीत घेतला, चमच्याने खाल्ला आणि म्हणाली, नगरच्या बेकरीवाल्यांनी पीठ भाजून नुसतेच विकायला काढलेले दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांची बैलगाडी जुंपून आम्ही मूळ गावी गेलो. आबांची कबर गावाबाहेर ओढ्याच्या काठी आहे. साध्या दगडांची कड आहे आणि तिच्यावर पावसानंतर गवत उगवून वाळले होते. आत्याने आधी ते गवत उपटले. बाबाही शेजारी बसून उपटू लागले. मग तिने मूठभर माती घेऊन कबरेवर टाकली, उभी राहिली आणि पदर सारखा करून गाऊ लागली.

आत्याचा आवाज गोड नाही, पण खणखणीत आहे. पलीकडच्या शेतातली माणसे काम थांबवून पाहू लागली. ‘दिस बुडाला, धनी, दाराशी आलो, हातपाय मातीचे, तसाच घे आत,’ असे काहीसे त्याचे पहिले कडवे आहे. मला आबांचे तळवे आठवले, भेगा पडलेले. बाबा मान खाली घालून ऐकत होते. गाणे संपल्यावर मला वाटले आता निघायचे, पण आत्या तिथेच बसली आणि तिने बाबांना हाताने खाली बसायला सांगितले.

“आता तू म्हन. माझ्या मागनं.”

“मला कुठं येतंय, आक्का?”

“म्हनूनच म्हन. आबांनी मला दिलं, मी कुनाला देऊ? माझी मुलं शिनेमाची गानी म्हनतात.”

बाबा म्हणू लागले. त्यांचा सूर सारखा घसरे आणि आत्या त्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावी. “वर न्ये. वर! भाजी ढवळतोस का गानं म्हनतोस?” ऊन चढले तरी ती दोघे थांबेनात. मामा आणि मी बाभळीच्या सावलीत बसून हुरडा खात होतो. शेवटी सगळी कडवी एकदाची बाबांच्या तोंडून नीट आली.

“हां,” आत्या म्हणाली. “आता माझ्या मातीला तू हे म्हनायचं. आन् तुला यायला उशीर झाला तर, पाळक निघालं तरी मी मातीआड न जाता थांबून ऱ्हाईन, ह्यास्नी तसं सांगून ठेवते.”

बाबा हसले आणि मग त्यांनी तोंडावर उपरणे धरले. आत्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

तिसगावच्या फाट्यावर आत्या आम्हाला सोडायला आली. गाडी दिसली तेव्हा तिने आधी मला जवळ घेतले, मग बाबांकडे वळून ती म्हणाली, “सलाम, याकोब.” बाबांनी सलाम केला. कंडक्टरने घंटी मारली तरी ते पायरीवरच उभे होते.

परतीच्या वाटेत मी खिडकीशी बसले होते. क्षमेवर मी सभेत बोलले तेव्हा तो विषय मला पुरता समजला आहे असे वाटत होते. या प्रवासात मला कळले की तो मला फारसा समजलेला नाही. बाबांना सगळे माफ केले असे आत्या म्हणाली नाही, आणि तरीही तिने त्यांना आपल्याजवळची सगळ्यात मोलाची वस्तू देऊन टाकली. बाबांनीही इतके दिवस कारणे दिली, आणि ती संपल्यावर ते चार वाक्ये बोलले, ती देवापुढे बोलले म्हणून खरी निघाली. यात मी काही केले नाही. मी फक्त पिशवीवर बसले होते. पण देवाने मला हे पाहायला तिथे नेले याबद्दल मी मनात त्याचे उपकार मानत होते, आणि बाहेर उभ्या पिकांवरून वारा जात होता.

भिंगारला घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. तिने बाबांच्या तोंडाकडे पाहिले आणि काय झाले असे विचारले नाही. “आक्कांनी काय दिलं?” एवढेच विचारले.

बाबांनी चपला काढल्या, ओट्यावर बसले आणि गाऊ लागले. पहिल्याच ओळीला सूर घसरला. ते थांबले, मान हलवली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.